झोप वाढवली तर बाबांची साखर उतरेल का?

सहकारनगरकर: बाबा ६८ वर्षांचे. गोळ्या वेळेवर, भात मोजून, तरी उपाशीपोटी साखर १६०च्या खाली येईना. रात्री एकपर्यंत टीव्ही आणि पहाटे पाचला तळजाई टेकडीवर फिरायला! झोपेचा संबंध असेल का?

टेकडीप्रेमी: नक्कीच असू शकतो. शिकागो विद्यापीठाच्या १९९९च्या अभ्यासात निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर त्यांचीही साखर लवकर उतरेना. झोप अपुरी पडली की इन्सुलिन नीट काम करत नाही. तळजाई सोडू नका, टीव्ही दहाला बंद करा.

औंधची मावशी: घोरतात का गं? झोपेत श्वास अडत असेल तरी साखर वाढते. गोळ्या मात्र मनाने बदलू नका.

सहकारनगरकर: खूप घोरतात, मावशी. आई म्हणते, मध्येच श्वास थांबतो. उद्याच डॉक्टरांना सांगते.