सिलोनचा रुपया आणि मॉरिशसचा रुपया: 1966 ला 1.57 कुठून आला?

खारपाणपट्टा (दर्यापूर)
गावच्या वाचनालयात मॉरिशसच्या मराठी मंडळींवर फलक लावतोय, त्यासाठी एक तक्ता हवा आहे: 1960 ते 1980, एका मॉरिशस रुपयाला किती सिलोन (श्रीलंका) रुपये. या जोडीचा थेट दर कुठेच सापडला नाही. म्हणून 1967 पर्यंत भारतीय रुपयावरून आणि पुढे डॉलरवरून काढला. 1965 पर्यंत 1.00 येतो, 1966 ला एकदम 1.57, आणि 1968 ला परत 1.07. मधलं काय चुकलं? दुसरं म्हणजे, सिलोनने नोव्हेंबर 1967 मध्ये 20 टक्के अवमूल्यन केलं म्हणून डॉलरच्या जुन्या दराला, 4.76 रुपयांना, 1.2 ने गुणलं, तर 5.71 आले. छापील तक्त्यात मात्र 5.95 आहे.

पऱ्हाटी
भाऊ, 1.57 हा सिलोनचा दर नाहीच होय, तो आपला हाय. 6 जून 1966 ले भारतानं रुपया पाडला, डॉलरले 4.76 चे 7.50 झाले. 7.50 भागिले 4.76 करून पाय, 1.57 च येते. तू मॉरिशसचा रुपया भारतीय रुपयात मोजला आन् सिलोनचा मोजायचाच राहिला. त्या दोघांचे रुपये तवा जागेवरच होते.

तिघांचा भाव आधी सारखा काहून होता, तेही पाय. तिन्ही रुपये 1 शिलिंग 6 पेन्सले बांधले होते. पौंडात 240 पेन्स, रुपयात 18, म्हणून पौंडाले 13.33. म्हणून जून 1966 च्या आधी आपल्या रुपयावरून काढलं तरी चालते, नंतर नाही.

खुर्दा-चिल्लर
5.95 बरोबर आहे. 20 टक्के अवमूल्यन म्हणजे रुपयाची डॉलरमधली किंमत 20 टक्के उतरली. म्हणून 0.8 ने भागायचं: 4.7619 ÷ 0.8 = 5.9524. डॉलर 25 टक्क्यांनी महागला.

मॉरिशसने त्या वेळी पौंडाची सोबत सोडली नाही. पौंड 2.80 डॉलरवरून 2.40 वर आला, मॉरिशसचे 13.33 तसेच राहिले, 13.3333 ÷ 2.40 = 5.5556. आता 5.9524 ÷ 5.5556 = 1.0714. हाच तुमचा 1.07. चार दशांश ठेवा, 5.95 आणि 5.56 घेतले तर 1.0701 येतो आणि तिसऱ्या दशांशापासून फरक पडतो.

1967 चं वर्षसरासरी आणि वर्षअखेर एकाच रकान्यात घालू नका. अखेरचा दर 1.07, पण सरासरी 1.01 च्याही आत राहते, कारण साडेदहा महिने दर 1.00 च होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आकडेवारीत दोन्ही मालिका वेगळ्या असतात. भागाकार करताना दोन्ही देशांची मालिका एकाच जातीची घ्या. आणि वर सिलोन, खाली मॉरिशस. उलटं केलं तर 0.93 येतो, आणि तो इतका साळसूद दिसतो की चूक लक्षातही येत नाही.

पऱ्हाटी
1968 च्या पुढं खरा घोळ हाय. त्या मे महिन्यात सिलोननं परकीय चलनाचे हक्कपत्र काढले. चहा, रबर, नारळाची निर्यात आन् तांदूळ-औषधाची आयात 5.95 नंच, बाकीच्या बऱ्याच व्यवहाराले वरून 44 टक्के. म्हणजे डॉलर 8.57 ले, आन् मॉरिशसचा रुपया 1.07 नाही, 1.54 ले. पुढं तो अधिभार 55 आन् मंग 65 टक्के झाला. आपल्या कापसासारखं: हमीभाव एक, खेडा खरेदीचा भाव दुसरा, आन् तक्त्यात फक्त हमीभाव. दोन रकाने कर.

नोव्हेंबर 1977 मंधी दोन्ही दर एक केले, डॉलरले 16. तवा मॉरिशसमंधी डॉलर साडेसहा रुपयाच्या आसपास होता, म्हणजे दर अडीचच्या जवळ गेला. तक्त्यात ही उडी लय मोठी दिसन, पण हक्कपत्राचा रकाना असला तर तेवढी वाटत नाही.

खारपाणपट्टा (दर्यापूर)
1.57 खोडला, दोन रकाने केले. आता 1979 अडलं. मॉरिशसने 30 टक्के अवमूल्यन केलं असं लिहिलंय. मग 0.7 ने भागायचं ना?

खुर्दा-चिल्लर
नाही, इथे टक्केवारी उलट्या बाजूने मोजली आहे. जानेवारी 1976 पासून मॉरिशसने पौंड सोडून नाणेनिधीच्या एसडीआरला (अनेक चलनांवरून ठरणारं हिशोबाचं एकक) रुपया बांधला होता, 7.713 रुपयांना एक एसडीआर. ऑक्टोबर 1979 मध्ये तो सुमारे 10 झाला. म्हणजे एसडीआर 30 टक्के महागला आणि रुपया साधारण 23 टक्के उतरला. 0.7 ने भागलं तर 11.02 येईल, तो चूक. टक्केवारी वाचून गणित करूच नका. आधीचा आणि नंतरचा दर घ्या.

1976 पासून मॉरिशसचा डॉलर-दर रोज बदलतो, कारण एसडीआर स्वतःच डॉलरशी खालीवर होतो. त्याआधीही, ऑगस्ट 1971 पासून पौंडाचा डॉलरमधला दर 2.40 वरून हलला, तेव्हापासून 5.5556 धरून चालत नाही. ऑगस्ट 1971 पासूनचे आकडे मासिक घ्या. आणि रकान्याच्या नावात मे 1972 पर्यंत सिलोन, पुढे श्रीलंका लिहा. जुन्या तक्त्यात शोधताना नाव बदललं की ओळ सापडत नाही.