चर्चा: बाई सीरियल किलर कमी असतात, की सापडत कमी?

गुहागरकर:
गौरीच्या जेवणानंतर आमच्या पडवीत विषय निघाला. मुंबईहून आलेला भाचा म्हणाला, "सीरियल किलर म्हणजे पुरुषच. बाईचं काळीज वेगळं असतं, मामा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला हे बिलकूल पटलेलं नाही.

काळजाचा इथे काही संबंध नाही. पुरुषाने मारलेलं माणूस रानात, नाल्यात, रस्त्याकडेला सापडतं, म्हणून बोभाटा होतो. बाईने मारलेलं माणूस अंथरुणात मरतं आणि शेजारी खांदा द्यायला येतात. इंग्लंडची मेरी ॲन कॉटन घ्या. तीन नवरे, पोटची पोरं, सावत्र पोरं एकामागून एक गेली. डॉक्टर लिहीत राहिले, पोटाचा ताप. सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, पोटात गेला की उलट्या, जुलाब, पेटके. आणि त्या काळी पटकी (कॉलरा) नि असले ताप घरोघर. संशय घेणार कोण? विम्याचे पैसे मात्र हिच्या पदरात पडत गेले. सापडली तीसुद्धा स्वतःच्या तोंडामुळे. सावत्र मुलाला गरिबांच्या आश्रमात घ्या म्हणून गावच्या अधिकाऱ्याकडे गेली. तो नाही म्हणाला, तेव्हा बोलून गेली की हाही बाकीच्या कॉटन मंडळींसारखाच जाईल. थोड्याच दिवसांत मुलगा गेला आणि तो अधिकारी थेट पोलिसांकडे. १८७३ साली डरहॅमच्या तुरुंगात तिला फाशी झाली. खटला चालला एकाच खुनाचा. संशय वीसेक मृत्यूंचा.

म्हणून माझं मत: इतिहासात अशा बायका कमी नव्हत्या, त्यांच्याकडे बघणारे कमी होते.

मालवणची लेक:
मग सरळ म्हणा ना दादा, की बाईच्या हातचं जेवू नका!

हा संशय नवा नाही. इंग्लंडमध्ये १८५१ साली सोमलाच्या विक्रीवर कायदा आला, तेव्हा सोमल फक्त प्रौढ पुरुषांनाच विकावा असं कलम घालायला निघाले होते. तिथला विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल याने कडाडून विरोध केला, आणि ते कलम गळलं. म्हणजे दोन-चार विषाच्या खटल्यांवरून सगळ्या बायका संशयित. तुमचं "बघणारे कमी होते" हे त्याच वाटेने जातं.

आणि बायका विषाकडे का वळल्या, हे कोणी विचारायचं? हंगेरीतलं नाग्यरेव्ह गाव घ्या, तिसा नदीकाठचं. पहिल्या महायुद्धात गडी आघाडीवर गेले. परत आले ते दारू आणि मारझोड घेऊन. काडीमोड मिळणं कर्मकठीण. गावात डॉक्टर नाही, जे काय ती फाझेकश नावाची सुईण. ती माश्या मारायचे कागद पाण्यात भिजत घालायची, त्यातला सोमल उतरला की ते पाणी बायकांना द्यायची. सूपमध्ये, दारूत, कशातही. हे १९२९ पर्यंत चाललं. मग कबरी उकरल्या. पोलीस दारात आल्यावर त्या सुईणीने स्वतःच विष घेतलं. मी समर्थन करत नाही, पण अख्ख्या गावातल्या बायका एकाच सुईणीकडे जातात तेव्हा त्याला नुसती "खुनी वृत्ती" म्हणून मोकळं होता येत नाही.

हर्णै बंदर:
ताई, नाग्यरेव्हमध्ये फक्त दारुडे नवरे मेले का? म्हातारे आईबाप मेले, तान्ही पोरं मेली, वाटणीला आड येणारे मेले. सुरुवात मारकुट्या नवऱ्यापासून झाली असेल, पुढे तो धंदाच झाला. मृत्यूची नोंद करणारा कारकून सुईणीचा नातलग होता म्हणतात, म्हणजे कागदही घरचाच.

आणि हंगेरीला कशाला जायचं? आंबा घाट चढला की कोल्हापूर. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे, सीमा गावित. १९९० ते १९९६. तेरा मुलं पळवली, त्यातले पाच खून सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकले. कशासाठी? जत्रेत, स्टँडवर पाकीट मारताना कडेवर पोर असलं की लोक बाईला धरत नाहीत. धरलंच, तर पोरालाच जमिनीवर आपटायचं, गर्दी तिकडे वळते. पोर रडायला लागलं, जड झालं की संपवायचं. ती सगळी गरिबांची लेकरं, कोणी नीट शोधलीही नाहीत. सांगा, इथे कुठला मारकुटा नवरा होता?

"बाईच्या कडेवर मूल आहे म्हणजे ती वाईट नसणार" ही आपली समजूतच त्यांचं हत्यार होतं. गुहागरकरांचा मुद्दा मला इथे शंभर टक्के पटतो.

मालवणची लेक:
नवरा होता की! रेणुकाचा नवरा किरण शिंदे त्यांच्याबरोबर फिरत होता. माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. फाशी दोघी बहिणींना. ह्याला काय म्हणायचं?

गुहागरकर:
तो साक्षीदार झाला नसता तर अर्धा पुरावाच उभा राहिला नसता, हेही धरा. आणि वाचा फुटली तीही एका बाईमुळे: सीमाच्या बापाच्या दुसऱ्या बायकोने तक्रार दिली, कारण तिच्या पोरीवरही डोळा होता. अंजनाबाई खटल्याआधीच मेली. मुलींना २००१ साली फाशी, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, २०१४ साली दयेचा अर्ज फेटाळला, आणि २०२२ साली उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. बाई म्हणून नव्हे बरं का, सरकारने दयेच्या अर्जावर वर्षानुवर्षं निर्णयच घेतला नाही म्हणून. आमच्या नाक्यावर अजून लोक "बाया होत्या म्हणून वाचल्या" असं ठोकून देतात.

वेंगुर्ल्याचे आजोबा:
मेल्यांनू, रात्री जेवान झाल्यार ह्या कसला वाचूक दितास! माका येकच इचारूचा आसा. ती हंगेरीची सरदारीण बाथोरी, तिना साडेसशे पोरी मारल्यान म्हणान माझो नातू मोबायलार दाखयता. इतक्यो पोरी मोजल्यान कोणी? आमच्याकडे इधवेची जमीन नजरेत भरली की ती गावाक चेटकीण दिसाक लागता, ह्या मी बगलेला आसा.

मालवणची लेक:
आजोबा, नेमकं बोललात! साडेसहाशे हा आकडा एका साक्षीतला, तोही ऐकीव. १६१० साली तिला पकडलं, नोकरांना मारून टाकलं, पण तिच्यावर खटला चालवलाच नाही. १६१४ साली मरेपर्यंत स्वतःच्याच गढीत कोंडून ठेवलं. हंगेरीचा राजा मात्याश तिच्या घराण्याचं कर्ज देणं लागत होता. रक्ताने आंघोळ करायची ही गोष्ट छापून आली ती थेट १७२९ साली.

आपल्याकडे तरी वेगळं काय? आनंदीबाई तुमच्याच गुहागरची ओकांची लेक, गुहागरकर. १७७३ साली गणपतीतच शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं राघोबादादांना. पण लोकांच्या तोंडी "ध चा मा" करणारी कोण?

हर्णै बंदर:
आनंदीबाई हा गादीच्या भांडणातला एक खून, तिला ह्या पंगतीत कशाला बसवता? बाथोरीबद्दल शंका असू द्या, मान्य. म्हणून सगळ्याच निरपराध होत नाहीत. बंगळूरची केम्पम्मा घ्या. देवळात दुःखी बायका हेरायची, दागिने घालून पूजेला या म्हणायची आणि तीर्थातून सायनाईड द्यायची. बळी सगळ्या बायकाच. आणि "बाई म्हणजे विष" हेही सरसकट खरं नाही. फ्लोरिडातल्या आयलीन वुर्नोसने १९८९-९० मध्ये सात पुरुष बंदुकीने मारले, रस्त्यावर, तुमच्या त्या अंथरुणात नव्हे.

आरोग्यसेविका:
इतका वेळ नुसती वाचत होते. तुम्ही सगळे १८७३ मध्ये अडकलात. १८३६ मध्ये मार्शची चाचणी आली, प्रेतातला सोमल दिसू लागला. पण चाचणी करायची तर आधी कोणाला तरी संशय यायला हवा ना? आमच्याकडे वाडीत माणूस घरी गेलं की दुपारपर्यंत सगळं उरकलेलं असतं. एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद; कारण काय, तर "वार्धक्य", नाहीतर "हार्ट". प्रत्येक बागेच्या खोपीत फवारणीचं औषध असतं. फवारणीचं काही औषध पोटात गेलं तर तोंडाला फेस, घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हे बघायला कोणी थांबत नाही. देणारी बाई की बुवा, हा प्रश्न फार पुढचा.

हर्णै बंदर:
म्हणजे प्रत्येक म्हाताऱ्याचं पोस्टमॉर्टेम करायचं?

आरोग्यसेविका:
प्रत्येकाचं कशाला? एकाच घरात वर्षभरात दुसरं, तिसरं माणूस असं अचानक गेलं, तर जाळण्याआधी पोलीस पाटलांना कळवावं, एवढंच.

मालवणची लेक:
आमच्या वाडीत पोलीस पाटील मयताचा सख्खा चुलता निघतो, ताई. मग कळवायचं कोणाला?