डीओपीचा दिग्दर्शक होताना: पहिला एपिसोड कोणी केलाय?

अर्धाउजेड
कॅमेरा विभागात बारा वर्षं झाली, त्यातली सहा डीओपी (मुख्य छायाचित्रकार) म्हणून. चालू मालिकेचे एपिसोड डिरेक्टर दोन आठवडे रजेवर जातायत. निर्माता म्हणाला, "तूच कर की." ब्लॉकिंग (नटांच्या जागा आणि हालचाली), लेन्स, कव्हरेज (सीन कुठल्या कोनांतून घ्यायचा) यांची धास्ती नाही. नटांशी काय बोलायचं, याची आहे. आणि कॅमेरा स्वतःकडेच ठेवू का?

जुना_फोकसपुलर
कॅमेरा देऊन टाक. मी दिला नव्हता.

माझा पहिलाच एपिसोड. आई मुलाचं पत्र वाचते, मागे खिडकी. बाईंनी टेक दिला, मी कट म्हटलं, तरी सेटवर कुणी हललं नाही. बूम माइक धरलेला पोरगा हात खाली घ्यायचं विसरला. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत आणि मी म्हणालो, "खिडकी जळतेय, वन मोअर." म्हणजे जास्त उजेडाने ती पांढरीफट्ट दिसत होती. बाईंनी काही न बोलता पत्राची घडी घातली. पुढच्या चार टेकमध्ये खिडकी झकास आली, बाई काही आल्या नाहीत. एडिटला शेवटी पहिलाच टेक लावला, जळक्या खिडकीसकट. खिडकीबद्दल आजवर कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

तेव्हा मी टेक बघतच नव्हतो, एक्स्पोजर, म्हणजे चित्रात उजेड किती येतोय, ते बघत होतो. सहा वर्षांची सवय तुझीही एका दिवसात जायची नाही.

नटांचं म्हणशील तर "अजून थोडं दुःखी" असलं काही सांगू नकोस, त्याने चेहरा नुसता लांब होतो. त्यापेक्षा "पत्र संपेपर्यंत त्याला फोन करायचा की नाही हे ठरवा" म्हण. करायला काहीतरी मिळालं की बाकीचं ते बघतात.

रीळवाला
कॅमेरा सोडायचा हा नियम कुठला? गोविंद निहलानींनी 1974 साली 'अंकुर'चं छायाचित्रण केलं आणि 1980 मध्ये 'आक्रोश' दिग्दर्शित केला, तेव्हा कॅमेराही त्यांचाच होता. 'किल्ला'त अविनाश अरुण यांनी दोन्ही सांभाळलं. सुधाकर रेड्डी यक्कंटींनी 'नाळ'मध्ये तेच केलं आणि पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला.

जुना_फोकसपुलर
मान्य, पण ते सिनेमे. मालिकेत दिवसाला वीसेक मिनिटं काढायची असतात, तीही दोन-तीन कॅमेऱ्यांवर. एकाला देखणा केलेला लाइट दुसऱ्याला सपाट दिसतो. त्यावर आजवर हा दिग्दर्शकाशी भांडला असेल, आता स्वतःच "चालतंय, पुढे" म्हणेल. आणि दूरदर्शनच्या 'तमस'ला निहलानींनी सोबत व्ही. के. मूर्तींना घेतलं होतं, ज्यांच्या हाताखाली ते घडले. ते का, याचाही विचार कर.

एन्ट्री_डावीकडून
नटाच्या बाजूने एकच. मॉनिटरमागून ओरडून सूचना देऊ नका. उठून जवळ या, हळू बोला. डीओपी मंडळी जवळ येतात ती उजेड मोजायचा मीटर धरायला, म्हणून आम्ही आपसूक मान वर करून उभे राहतो. मीटर खिशातच ठेवा.

अर्धाउजेड
खिडकी वाचून पोटात गोळा आला, गेल्याच आठवड्यात मी असाच टेक परत घ्यायला लावला होता. कॅमेरा माझ्या ऑपरेटरला देतोय. पण त्याने मला न विचारता लेन्स बदलली तर?

जुना_फोकसपुलर
बदलू दे. आणि फिल्टरच्या पेटीची किल्लीही त्यालाच देऊन टाक, नाहीतर दुपारपर्यंत तू तिथेच सापडशील.