काचबिंदूचे थेंब आईला स्वतःचे स्वतः कसे घालता येतील?

आई ६८ वर्षांची, नाशिकला सिडकोत राहते. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डोळ्यातलं प्रेशर २८ होतं, लॅटानोप्रोस्टच्या थेंबांनी १७ वर आलंय. ओसीटी (डोळ्याच्या नसेचं स्कॅन), फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका बघायची तपासणी) झाल्यात. गेलेली नजर परत येत नाही, म्हणून रात्रीचा थेंब चुकवायचा नाही. पण तिचा हात थरथरतो, थेंब गालावर! माझी सातपूरला रात्रपाळी, शेजारी रोज कुणाला बोलावणार?

आडवं पडून, आरशात बघून, बाटली फ्रीजमध्ये गार करून (थेंब कुठे पडला ते कळावं म्हणून) झालं. दम्यामुळे टिमोलॉल (काचबिंदूचे दुसरे थेंब) चालत नाही. प्रेशर कमी करायच्या लेसरचं पुढच्या तपासणीत विचारणार आहोतच.

बाटलीवर बसवायचं थेंब घालायचं साधन कुणाच्या घरी वापरलंय का? थरथरत्या हाताला खरंच जमतं का, आणि नाशिकमध्ये कुठे मिळेल?