कोल्ट्रेन की रोलिन्स? माझं मत रोलिन्सला (दगड तयार ठेवा)

टेनरवेडा:
काल रात्री जेवणं झाल्यावर परत 'टेनर मॅडनेस' ही जॅझची ट्यून लावली आणि परत तोच वाद डोक्यात सुरू झाला, म्हणून हा धागा. माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात, २४ मे १९५६, रेकॉर्डिंग सॉनी रोलिन्सचं, पियानो-बास-ड्रम्सला ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या बँडमधली मंडळी, आणि त्याच बँडमधला जॉन कोल्ट्रेन त्या दिवशी स्टुडिओत होता तर एका ट्यूनमध्ये तोही वाजवून गेला. टेनर सॅक्सोफोनमधली ही दोन बाप माणसं आणि दोघांचं एकत्र रेकॉर्डिंग म्हणजे हे एवढंच, बारा मिनिटं, साधा ब्लूज.

आधी कोल्ट्रेन. धारदार आवाज आणि पहिल्या सुरापासून घाई, गाडी सुटायला आलीये आणि सगळं सामान एकाच फेरीत डब्यात टाकायचंय अशी. मग रोलिन्स येतो, जाड गोल आवाज, दोन सूर टाकतो, थांबतो, तेच सूर जरा वाकडे करून परत टाकतो. तो थांबतो ना, मला तिथे मजा येते.

त्याच्या पुढच्याच महिन्यात त्याने 'सॅक्सोफोन कोलोसस' हा अल्बम केला. त्यातलं 'ब्लू सेव्हन' ऐका. नुसता बास चालत येतो, मग रोलिन्स एक छोटा तुकडा ठेवतो आणि पुढची अकरा मिनिटं त्या तुकड्याचीच बढत, मॅक्स रोचचा ड्रम सोलोसुद्धा त्यातूनच निघतो. गुंथर शुलर या संगीतकार-समीक्षकाने १९५८ साली यावर आख्खा लेख लिहिला होता, तो वाचून रोलिन्स स्वतःच अवघडला म्हणतात.

कोल्ट्रेन मोठा आहे, मान्य. पण त्याला ऐकायला मला मांडी घालून बसावं लागतं. रोलिन्सला ऐकता ऐकता मी भांडी घासू शकतो. हे मी कौतुक म्हणून लिहितोय हां.

कोमलऋषभ:
भांडी घासताना ऐकायचं संगीत म्हणून तूच त्याची केस हरलास 😄

आता माझं ऐक. तू १९५६ चा कोल्ट्रेन घेऊन बसलायस, तेव्हा तो अजून घडत होता. वयाने रोलिन्सपेक्षा चार वर्षांनी मोठा, पण नाव रोलिन्सचं होतं, याला कोण ओळखत होतं. १९५७ मध्ये हेरॉइनपायी माइल्सने त्याला काढलं, त्याच वर्षी त्याने ते सोडलं, पियानोवाल्या थेलोनियस मंकबरोबर वाजवायला लागला, आणि तिथून १९६७ पर्यंत, म्हणजे गेला तोपर्यंत, फक्त दहा वर्षं. या दहा वर्षांत 'ब्लू ट्रेन', 'जायंट स्टेप्स', 'माय फेवरेट थिंग्ज', 'अ लव्ह सुप्रीम'. दर दीड-दोन वर्षांनी जुनं घर पाडून नवीन बांधलंय या माणसाने. चाळीस वर्षांचं आयुष्य रे.

आणि बसावं लागतं म्हणजे काय? भीमसेनजींचा दरबारी लागला तर भांडी घासशील का?

रीड_अडीच_नंबर:
मी सॅक्स शिकतोय दोन वर्षं, आल्टो, त्यामुळे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. पण 'जायंट स्टेप्स' हे गाणं नाहीये, परीक्षा आहे, मी लिहून देतो. मिनिटाला २८०-२९० च्या आसपास ठोके आणि बऱ्याच ठिकाणी दर दोन ठोक्यांना कॉर्ड (मागे एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ) बदलते, तीन वेगवेगळ्या पट्ट्यांमधून गरागरा फिरवतो. कोल्ट्रेन घरून महिनोन्‌महिने रियाझ करून आलेला, पियानोवर टॉमी फ्लॅनगन बिचारा, त्याचा सोलो ऐका, सुरुवातीला निघतो, मग अडखळतो, मग नुसत्या कॉर्ड्स धरून बसतो. आख्खी परंपरा ज्याच्या बोटात होती असा माणूस. आता गंमत बघा, 'सॅक्सोफोन कोलोसस'वर पियानोला हाच टॉमी फ्लॅनगन आहे आणि तिथे किती खुशीत वाजवतोय. सोबत करणाऱ्याला जो खुलवतो तो मोठा, मी तरी असंच मानतो.

कोमलऋषभ:
@रीड, अर्धीच गोष्ट सांगितलीस. त्याच फ्लॅनगनने १९८२ मध्ये 'जायंट स्टेप्स' नावाचा स्वतःचा अल्बम केला, कोल्ट्रेनच्या आठवणीत, आणि ती ट्यून मस्त वाजवून दाखवली. राग धरला असता तर केला असता का? चांगला गुरूसुद्धा पहिल्यांदा शिष्याला उघडं पाडतोच की.

दोन्ही_डगरींवर:
दोघेही महान आहेत, तुलना कशाला? आंब्याची आणि फणसाची तुलना होते का?

टेनरवेडा:
होते. दरवर्षी मे महिन्यात आमच्या घरी होते आणि आंबा जिंकतो. पुढे.

लयदार:
तुम्ही सगळे सॅक्सवाल्यांकडेच बघताय, जरा मागे बसलेल्याकडे बघा. एल्विन जोन्स. कोल्ट्रेनचा साठच्या दशकातला जो बँड आपण डोक्यावर घेतो त्यातला निम्मा आवाज या ड्रमरचा आहे, एकाच वेळी तीन तीन लयी चालू, समेवर येतो की नाही येतो असं करत बरोब्बर येतो. पण हाच एल्विन १९५७ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये रोलिन्सबरोबर वाजवलाय, पियानो नाही, फक्त सॅक्स-बास-ड्रम्स. तबल्याच्या माणसाला विचारा, हार्मोनियम काढून घेतली की गायक किती उघडा पडतो. रोलिन्सने ते मुद्दाम केलं, त्याच वर्षी 'वे आउट वेस्ट' या अल्बमवर आधीच करून झालं होतं (ज्याच्या कव्हरवर तो वाळवंटात काउबॉयची टोपी घालून पिस्तुलाच्या जागी सॅक्स धरून उभाय, बघितलं नसेल तर आधी ते बघा), आणि कॉर्ड कोणी पुरवत नसताना एकटा त्या काउबॉय गाण्यांची सगळी चौकट कानात उभी करतो. हे 'जायंट स्टेप्स'पेक्षा अवघड आहे असं माझं मत, पण दिसत नाही कारण तो घाम दाखवत नाही.

तरीही माझं मत कोल्ट्रेनलाच. कारण एल्विनला त्याने जेवढी जागा दिली तेवढी कोणीच दिली नाही. आता बडवा मला दोन्ही बाजूंनी.

रंगभवनचा_जुना_श्रोता:
मुलांनो, वाचतोय मघापासून. यातल्या एकाला, रोलिन्सला, मी प्रत्यक्ष ऐकलंय म्हणून तोंड उघडतो. १९७८, पहिली जॅझ यात्रा म्हणजे मुंबईतला जॅझ महोत्सव, धोबीतलावचं रंगभवन. मी कॉलेजात होतो, जॅझ कशाशी खातात माहीत नव्हतं, मित्राने ओढत नेलं आणि परतीच्या लोकलचे पैसे तेवढे खिशात. काय काय वाजवलं विचाराल तर शपथ, एका ट्यूनचं नाव सांगता येणार नाही. एवढं आठवतं की एकाच लहानशा चालीवर माणूस घोटाळत राहिला, संपवतोय असं वाटलं की परत धरायचा, आमच्या पुढच्या रांगेत लोक हसायला लागले, चेष्टेने नव्हे, आनंदाने. मला तोपर्यंत वाटायचं मैफलीत हसायचं नसतं.

आणि हा गृहस्थ त्याच्या आधी, साठच्या दशकाच्या शेवटी, आपल्या पवईला आश्रमात काही महिने राहून योग-ध्यान शिकून गेला होता हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. पवईला तेव्हा होतं काय, तलाव आणि झाडी.

कोमलऋषभ:
काका, जळले मी. खरंच 🙏

पण भारताचा विषय काढलाच आहेत तर, कोल्ट्रेन इथे कधी आला नाही आणि तरी त्याने जे घेतलं ते संगीतात घेतलं. १९६१ ला 'इंडिया' नावाची रचना वाजवली, खाली एकच सूर तंबोऱ्यासारखा धरलेला. मुलाचं नाव रवी ठेवलं, रविशंकरांवरून. त्यांच्याकडे शिकायला बसायचं चाललं होतं, तेवढ्यात गेला. 'अ लव्ह सुप्रीम'चा पहिला भाग ऐका, बासवर चार सुरांचा तुकडा, मग कोल्ट्रेन तोच तुकडा घेऊन बाराच्या बारा पट्ट्यांमधून फिरतो, आणि शेवटी सॅक्स खाली ठेवून तोंडाने तेच शब्द म्हणत राहतो. आमची आजी पहाटे देवासमोर जे करायची ते आणि हे वेगळं नाही मला.

रीड_अडीच_नंबर:
आणि त्याच रविशंकरांनी म्हटलंय की त्याच्या वाजवण्यातली अस्वस्थता त्यांना त्रास द्यायची. भारतीय संगीतातून शांती घेतली म्हणता, मग कोल्ट्रेनच्याच १९६५ च्या 'असेन्शन'मध्ये अकरा जण चाळीस मिनिटं एकमेकांवर ओरडतात ती कुठली शांती?

कोमलऋषभ:
शांती मिळाली असं मी कुठे म्हटलं. शोधत होता म्हटलं. १९६५ मध्ये अमेरिकेत काळ्या माणसाने शांत का वाजवायचं तेही सांग.

टेनरवेडा:
हा मुद्दा घेतो, गप्प बसतो यावर. फक्त एक, १९५८ ला 'फ्रीडम सूट' करून रोलिन्सने तेच म्हटलं होतं, आधी, आणि न ओरडता.

आणि शोधायचंच म्हणाल तर पुलाची गोष्ट कशी विसरता. १९५९ मध्ये, नाव ऐन शिखरावर असताना, हा माणूस म्हणाला मी पुरेसा चांगला वाजवत नाही आणि सगळे कार्यक्रम बंद. घरी वाजवावं तर शेजारी गरोदर बाई, तिला त्रास नको म्हणून सॅक्स घेऊन न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग ब्रिजवर जायला लागला. खाली नदी, बाजूने धडधडत ट्रेन, थंडी असो वाटेल ते, काही दिवशी पंधरा-पंधरा तास. दोन वर्षं. आमच्या सोसायटीत संध्याकाळी सातनंतर कोणी पेटी काढली तरी ग्रुपवर मेसेज येतो, तेव्हा मला हा पूलच आठवतो.

रीड_अडीच_नंबर:
मी पार्किंगमध्ये वाजवतो. वॉचमन आता रोलिन्सचं 'सेंट थॉमस' गुणगुणतो, खोटं सांगत नाही. 'जायंट स्टेप्स' गुणगुणून दाखवा म्हणावं कोणी.

लयदार:
पण पुलावरून उतरल्यावर काय आणलं? 'द ब्रिज', १९६२. जिम हॉलची गिटार, सुंदर अल्बम, पण तोपर्यंत कोल्ट्रेन आणि दुसरा सॅक्सवाला ऑर्नेट कोलमन भलतीकडे पोचले होते. लोकांना नवीन काही हवं होतं आणि हा छान वाजवून गेला. आणि सत्तरऐंशीच्या दशकातले त्याचे बरेचसे स्टुडिओ अल्बम मी परत लावत नाही, तूही लावत नसशील, खरं बोल.

टेनरवेडा:
खरं बोलतो, नाही लावत. स्टुडिओत तो घुसमटतो, स्वतःचं रेकॉर्डिंग त्याला स्वतःलाच ऐकवत नाही. पण स्टेजवर? १९८६ मध्ये चालू कार्यक्रमात स्टेजवरून उडी मारली, टाच मोडली, आणि पाठीवर पडल्या पडल्या वाजवत राहिला, त्याचं शूटिंग आहे. वयाच्या ऐंशीपर्यंत असा वाजवलाय. कोल्ट्रेन चाळिशीत गेला म्हणून त्याचा आलेख सरळ वर गेलेला दिसतो, रोलिन्सला म्हातारं होऊन दाखवावं लागलं. हे आपण कधी हिशोबात धरत नाही.

कोमलऋषभ:
हे मात्र बरोबर बोललास. मत बदललं नाही माझं, पण हे बरोबर.

बरं, आत्ता हेडफोन काढून स्पीकरवर 'टेनर मॅडनेस' लावली होती. नवऱ्याला काही न सांगता विचारलं, दोघांतला कोण आवडला. शेवटी दोघं चार-चार बार (तालाचे छोटे तुकडे) आलटून पालटून घेतात तिथे त्याचा पूर्ण गोंधळ झाला, कोण कुठला तेच कळेना. मग म्हणाला, पहिला.

टेनरवेडा:
पहिला म्हणजे कोल्ट्रेन.

कोमलऋषभ:
हो ना 😌 पण का विचारलं तर म्हणे, "दुसरा लागला तेव्हा मी चहा टाकायला उठलो होतो."

टेनरवेडा:
म्हणजे दुसऱ्याला ऐकता ऐकता काम करता आलं. मी वर काय लिहिलंय?