विषय: मॉरिशसच्या ‘भिवाजी’ घराण्याचे कोकणातील भाऊबंद

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझ्या यजमानांचे घराणे मॉरिशसचे असून त्यांचे आडनाव भिवाजी आहे. खापरपणजोबा मुंबईहून जहाजाने मजुरीसाठी तिकडे गेले, एवढेच सासरी सांगतात. सासूबाई आजही घरी गणपती बसवतात. परंतु मूळ गाव, कुलदैवत यांतले काहीच कोणाला ठाऊक नाही. रत्नागिरीकडे भिवाजी आडनावाची माणसे शोधली, एकही घर सापडले नाही. तिकडचा वंश खुंटला असे समजावे काय? मुलांना आपली भावकी कळावी अशी फार इच्छा आहे.

— एक सभासद, लंडन

ताईंस सप्रेम नमस्कार.

वंश खुंटला असे कृपया समजू नका. भिवाजी हे बहुधा त्या मूळ पुरुषाचे स्वतःचेच नाव असावे, आणि तसे असेल तर त्या आडनावाचे घर कोकणात सापडणार नाहीच. 1834 पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर मॉरिशसला गेले. त्यांच्या नोंदवह्यांत क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव आणि जिल्हा लिहीत. आडनाव क्वचितच येई. मग मुलांची नोंद होताना बापाचे नाव आडनावाच्या जागी बसले आणि तेच पिढ्यानुपिढ्या चालले. यातून आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही: भिवाजीबरोबर त्यांचा सख्खा भाऊ रामजी गेला असेल, तर त्याचे वंशज आज रामजी म्हणून नांदत असतील. म्हणजे आपली सर्वांत जवळची भावकी मॉरिशसमध्येच, दुसऱ्या आडनावाखाली असू शकते.

शोधाची सुरुवात मोका येथील महात्मा गांधी संस्थेपासून करावी, कारण त्या नोंदवह्या तेथे जतन केलेल्या आहेत. यजमानांपासून मागे मागे जाणारी जन्म व विवाह दाखल्यांची साखळी आधी जुळवून ठेवावी. एकदा मूळ पुरुषाचा क्रमांक मिळाला की बापाचे नाव आणि गाव हाती येते. गावाचे नाव परक्या कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले असते, म्हणून ते मोठ्याने वाचून पाहावे. डोळ्यांना न कळणारे गाव पुष्कळदा कानाला कळते. जिल्हा रत्नागिरी असेल तर मालवण, वेंगुर्ले, देवगड हेही डोळ्यांसमोर ठेवा, कारण सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली वेगळा झाला. सावंतवाडी तर त्या काळी निराळे संस्थानच होते.

गाव ठरल्यावर मात्र मतदारयादी घेऊन बसू नये. ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन गुरवाला आणि मानकऱ्यांना भेटावे. कोणत्या घराचा कोणता मान, शिमग्याची पालखी कोणाच्या अंगणात थांबते, कोणते घरभाट ओस पडले आणि तिथले लोक कोठे गेले, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यानंतर तलाठ्याकडचे जुने फेरफार पाहावेत. सामाईक जमिनीत परागंदा भावाचे नाव पुष्कळ वर्षे तसेच राहिलेले आढळते. एक विनंती आवर्जून करतो: जमिनीसाठी कोणी आले असा समज होऊ नये, म्हणून पहिल्याच भेटीत आपण केवळ नाते शोधत आहोत हे स्पष्ट सांगावे.

— आपला, एक ज्येष्ठ सभासद, लेस्टर

काकांस सादर नमस्कार.

आपले पत्र यजमानांनी दोनदा वाचून घेतले. सासूबाईंच्या पेटीत त्यांच्या आजेसासऱ्यांचा विवाहाचा दाखला आहे; त्यावर वडिलांचे नाव ‘भिवाजी’ आणि त्यापुढे एक आकडा आहे, ज्याचा अर्थ आजवर कोणी विचारला नव्हता. तोच क्रमांक असावा, असे आता वाटते. दाखल्याची प्रत घेऊन दीर पुढच्या आठवड्यात मोक्याला जाणार आहेत. पुढे मूळ आडनाव सापडले तरी मुलांचे भिवाजी हे आडनाव बदलायचे नाही, असे घरात सर्वांनुमते ठरले आहे. ज्यांनी समुद्र ओलांडला, त्यांचेच ते नाव आहे. गावाचा पत्ता लागल्यास त्या बाजूच्या सभासदांनी आम्हांला गुरवांपर्यंत पोहोचवावे, ही विनंती.

— एक सभासद, लंडन