मळ्यातलं घर (ग्रुप): केबल कोणती घ्यायची?

राजूदादा, सकाळी ७:०५
तात्या, नमस्कार. काल दुकानदाराचा फोन आला. ६ एमएमच्या (तारेचा छेद, चौरस मिलिमीटरमध्ये) ४० मीटर केबलचं २,००० टोकन दिलं म्हणे तुम्ही. कोणाला विचारलं? बोअरच्या वेळी झालं तेच परत व्हायलंय.

तात्या, ७:२२
विचारायचं काय त्यात? बांधकामावर उन्हात मीच उभा राहायलोय. गेटवरच्या मीटरपासून घर पस्तीस मीटर. वायरमन म्हणाला ६ एमएम लई झालं. आणि बोअरचं इथं काढू नको.

मामा (सेलू), ७:२४
आधी अंतर टेपनं मोजा.

आत्या, ७:३१
बोअरचं निघालंच तर सांगते, त्यातले अर्धे पैसे माझे होते. कोणी नाव तरी घेतलं का?

राजूदादा, ७:३३
आत्या, तो विषय नंतर. प्लीज 🙏

संगीता, ७:५८
तात्या, राग मानू नका, पण ६ एमएम अ‍ॅल्युमिनियम नको. दोन एसी, गिझर, दीड एचपीची मोटर, फ्रिज, मिक्सर धरलं तर एका वेळी ७ किलोवॅटपर्यंत जातं, म्हणजे साधारण ३० अ‍ॅम्पिअर. करंट जातो आणि परत येतो, म्हणून अंतर दुप्पट धरायचं. ३५ मीटरला ६ एमएममध्ये जवळजवळ १० व्होल्ट वाटेतच जातात. १६ एमएममध्ये ४. आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी आधीच २०० च्या खाली येतं, त्यातून आणखी १० गेले तर एसीचा कॉम्प्रेसर उचलतच नाही, नुसता गरम होतो. मोटर तर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते.

पिंट्या, ८:०२
म्हणजे तात्यांच्या केबलवर एसी लावला तर पंखाच व्हायचा 😄

तात्या, ८:०४
पिंट्या, तू आधी मळ्यावर ये, मग हास.

भाऊजी (लातूर), ८:१५
मी कामून गप्प बसू? घरासाठी तांबंच घ्या. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे पुढं त्रास.

संगीता, ८:२७
भाऊजी, घरातल्या वायरिंगला तांबंच, त्यात दुमत नाही. पण मीटरपासून बोर्डापर्यंतच्या केबलला १६ एमएम अ‍ॅल्युमिनियम आणि १० एमएम तांबं जवळपास सारखंच काम करतात. दुकानदारानं तांब्याच्या आर्मर्ड (वर लोखंडी चिलखत असलेल्या) केबलचा भाव अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट सांगितला. ते पैसे मी अर्थिंग आणि चांगल्या आरसीसीबीला (करंट गळला की आपोआप बंद होणारा स्विच) घालीन. अ‍ॅल्युमिनियमचा त्रास होतो तो जोडाला. वाड्यातलं कटआउट (चिनीमातीचा जुना फ्यूज) आठवा. गिरणी सुरू झाली की ट्यूब मिणमिणायची. मागच्या दिवाळीत मी ते उघडलं तर वायरच्या तोंडावर पांढरी भुकटी, टेप वितळून चिकटलेली, चिनीमाती काळी पडलेली. आजी त्याच भिंतीला टेकून बसायची. तेव्हापासून मला झोप लागत नाही या विषयावर.

आई, ८:३०
खरंय. वास यायचा जळका, आम्हाला वाटायचं चुलीचा.

संगीता, ८:३४
म्हणून बाईमेटल लग (तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम जोडायचं टोक), ते वायरवर नीट दाबून बसवणं म्हणजे क्रिम्पिंग, आणि केबलला मध्ये कुठंच जोड नको. एकच अखंड तुकडा.

मामा (सेलू), ८:३६
अंतर टेपनं मोजलं का? आधी मोजा.

राजूदादा, ८:४१
मामा, हो, मोजू. संगीता, खर्च सांग. मला महिन्याअखेरीला पैसे पाठवायचेत.

संगीता, ९:१०
अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड, एक्सएलपीई (उष्णता सोसणारं आवरण), आयएसआय मार्क. दोन कोर (आत दोन तारा) १६ एमएम १२५ रु. मीटर, चार कोर १६ एमएम २०० रु. मीटर, वर १८ टक्के जीएसटी. मी म्हणते चार कोर घ्या. उद्या सोलर बसवलं, थ्री फेज घेतलं, तर अंगण परत उकरायला नको. आणि केबलच्या अंगावर मीटरचे आकडे छापलेले असतात. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा स्वतः वाचा, दुकानदाराच्या हाताची लांबी धरू नका.

काकू, ९:१६
थ्री फेजला पैसे आहेत आणि ओट्याच्या ग्रॅनाइटला नाहीत. बरं आहे.

राजूदादा, ९:१८
काकू, ओटा नंतर बदलता येतो. जमिनीतली केबल बदलता येत नाही.

काकू, ९:१९
स्वयंपाक तुम्ही करा मग नंतरच्या ओट्यावर.

पिंट्या, ९:२०
उंदरांनी कुरतडली तर? मळ्यात घुशी आहेत.

संगीता, ९:२४
म्हणूनच आर्मर्ड. आणि आपली काळी माती मे महिन्यात अशी फाटते की भेगेत मनगट जातं, पावसात परत फुगते. केबल ताणते. चर ७५ सेंटीमीटर खोल, खाली-वर वाळू, वर विटा, केबल थोडी सैल टाका.

तात्या, ९:४०
वायरमन एक फूट म्हणाला.

संगीता, ९:४१
नांगराचा फाळ एक फुटाला लागतो, तात्या. तुम्हीच मला शिकवलंय.

मामा (सेलू), ९:४३
तात्या, मी येतो टेप घेऊन. एकट्याला मोजता येत नाही. तुम्ही एक टोक धरा.

तात्या, ११:५५
मोजलं. मामा होते. सरळ अंतर ४६ मीटर. पण बोअर आणि लिंबाच्या मुळ्या सोडून वळसा घ्यावा लागतोय, तसं ६३.

संगीता, १२:०२
दोन्ही टोकांचं वर-खाली आणि बोर्डापाशी थोडी सैल ठेवायची, म्हणजे ७० धरा. ७० ला ६ एमएममध्ये १९ व्होल्ट गेले असते, १६ मध्ये ८. घेताना ७५ घ्या.

राजूदादा, १२:०६
७५ गुणिले २००, म्हणजे १५,०००. जीएसटीसकट १७,७००. मी पाठवतो.

तात्या, १२:२०
दुकानदाराशी बोललो. केबल अजून कापली नव्हती. टोकन यात वळतं करतो म्हणाला. पस्तीस मी पावलांनी धरलं होतं, संगे.

राजूदादा, १२:२२
तात्या, सकाळी जरा जास्तच बोललो. उन्हात तुम्हीच आहात.

आत्या, १२:२५
आणि बोअरचे अर्धे?

राजूदादा, १२:२६
आत्या, रविवारी घरी येतो. समोर बसून बोलू.

मामा (सेलू), १२:३०
चर खणताना खोली पण टेपनं मोजा. फोटो टाका.